काही नाही

ऋजुताने पाठवलेली ती पांढरी डबी
हेमंतने बेडरूममध्ये लावली, कपाटाच्या वर.
मुगाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा.
ख्रोनिंगनला म्हणे हिची बहीण घर तापवते.
इथे सहकारनगरात हिला उलटी नोकरी,
एसीला कधी उठवायचं, कधी निजवायचं.

पुण्यात एसी? माझे वडील हसले असते.
त्यांच्या वेळी एप्रिलमध्येही
संध्याकाळी तळजाईवरून वारा उतरायचा
आणि गच्चीवर पहाटे पायाने चादर शोधावी लागायची.
मी नाही हसत.
मी सिमला ऑफिसात सव्वीस वर्षं आकडे लिहिते आहे,
शिवाजीनगर चाळीस पूर्णांक एक,
पाषाण अडतीस पूर्णांक आठ.
वारा कुठे अडला ते मला ठाऊक आहे.

नोकरी सुटल्यापासून हेमंत नियम लिहितो.
नाव दिल्याशिवाय डबी नियम घेत नाही,
म्हणून त्याने नावं दिली:
'वामकुक्षी', एक ते चार, सत्तावीस, आवाज बारीक.
'पाहुणे'.
'पाहुणे गेले'.
जानेवारीसाठी 'गारठा', पहाटे साडेपाचला गीझर,
पावणेसहाला बंद, अंघोळ झालेली असो वा नसो.
आणि सगळ्यांच्या डोक्यावर 'वीजबिल',
जो सव्विसाच्या खाली कुणाला उतरू देत नाही.

मी म्हटलं, छान.
मला कुणी विचारलं नव्हतं,
आणि विचारलं असतं तरी काय सांगणार होते?
की दोन वर्षं झाली, रात्री तीनच्या सुमाराला
पोटापासून मानेपर्यंत कुणीतरी स्टोव्ह पेटवत नेतं,
उशी उलटावी लागते, मग पुन्हा उलटावी लागते,
आणि हिरवा दिवा सांगत असतो
खोली सव्वीस, सगळं ठीक.
अंधारात रिमोट चाचपून मी खाली आणायचे,
चोवीस, तेवीस,
पाठीवरचा घाम गार पडेपर्यंत थांबायचे
आणि आकडा होता तिथे परत ठेवून द्यायचे,
डब्यातला लाडू खाऊन झाकण लावावं तसा.
"काय झालं?" तो झोपेतच विचारायचा.
"काही नाही."

चैत्र संपता संपता वाटलं, सुटले बहुधा.
तीनला डोळा उघडायचा, पण खोली आधीच थंड.
म्हटलं, भोरकडे कुठेतरी वळीव झाला असेल.
सकाळी ऑफिसात किमान तापमान लिहिलं,
पंचवीस पूर्णांक सहा.
जुळेना.
त्याच दिवसांत हेमंत
भर मे महिन्यात कानटोपी घालून झोपू लागला.
"सायनस," म्हणाला.
मी डब्याच्या सुट्टीत हे सांगून सगळ्यांना हसवलं.

मग एका रविवारी त्याचा फोन चार्जिंगला,
फिल्टर धुवा, फिल्टर धुवा म्हणून वाजत राहिलेला.
बंद करायला घेतला आणि आलेख उघडला.
प्रत्येक रात्रीची एक रेघ.
प्रत्येक रेघेला तीनच्या आसपास एक खड्डा.
मी गुपचूप पाडलेले, गुपचूप बुजवलेले,
तारीख-वेळेसकट, नोव्हेंबरपासूनचे.
मी जन्मभर शहराचे असले कागद वाचत आले,
हा मला उभ्याने वाचता येईना.

खाली नियमांची यादी.
सगळ्यात वर, 'वीजबिला'च्याही वर, एक नवा नियम,
दोन चाळीसला सुरू,
बावीस,
साडेतीनला आपोआप पूर्ववत.
नाव: 'काही नाही'.

फोन होता तसा पालथा ठेवला.
फिल्टर धुतला, त्यातून मूठभर राखाडी कापूस निघाला.
मग स्टूल घेऊन माळ्यावर चढले,
जाड गोधडी काढली, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली,
आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकली.

समोरच्या नगरकर वहिनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या.
"अहो, मे महिन्यात?"
म्हटलं, आमच्याकडे
रात्री तीनला थंडी पडते.