अभिप्राय, आवृत्ती सहावी

पार्सल एसटीनं आलं, कणकवलीहून.
वेंगुर्ल्याच्या डेपोत मीच उतरवून घेतलं.
त्वचारोगांचं पुस्तक. बाळांच्या काट्यावर ठेवलं:
तीन किलो चारशे. सुदृढ.

सोबत एकपानी फॉर्म.
विद्यार्थ्यांना उपयुक्त? व्यवसायातल्या डॉक्टरांना?
एक ते पाच, गोल करा.

तर लिहिते.
सूची प्रामाणिक आहे. शोधलं ते सापडतं.
साधी गोष्ट; पण रात्री साडेअकराला
अंगभर फोड घेऊन कुणी दारात उभं राहिलं की
सूचीची किंमत कळते.
कुष्ठरोगाचं प्रकरण शांतपणे लिहिलंय,
लिहिणाऱ्यानं कोपराची नस
स्वतः चाचपलेली आहे, हे दिसतं.
बुरशीवर साठ पानं. मागच्या आवृत्तीत
नेमकी तीच पानं बुरशीनं खाल्ली,
म्हणून शिलाई ओढून पाहिली.
दोन पावसाळे निघतील.

किंमत अकरा हजार आठशे.
इंटर्न मुबीन काझी म्हणाला, मॅडम, मेसचे चार महिने.
तो रात्री मोबाइलवर पानांचे फोटो काढतो.
मी पाहिलेलं नाही.

छायाचित्रं नऊशे बारा.
मुबीननं एका रात्रपाळीत मोजली:
सावळी कातडी एकोणतीस.
मजकुरात जिथे तिथे ‘लालसर चट्टा’.
आमच्याकडे लाल हा जांभळा असतो, करडा असतो,
कधी नुसताच चकाकतो,
बोट फिरवल्यावर गरम लागतो तेव्हा कळतो.
यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

एवढ्यात सत्यवती रेडकर आली,
काजूच्या कारखान्यात बावीस वर्षं.
टेबलावरचा ठोकळा बघून म्हणाली,
“ह्येच्यात माजो हात खंय आसा?”

पान चारशे बारा. अर्धी ओळ.
‘काजूच्या टरफलातील तेलाने दाह संभवतो.’

संभवतो.
बोटांची टोकं काळी, पापुद्रे सुटलेले,
रेघा गेलेल्या. राख चोळून येते ती कामावर.
रेशनच्या यंत्राला तिचा अंगठा ओळखता येत नाही,
तीन महिने तांदूळ नाही.
हे लक्षण कुठल्या प्रकरणात घालायचं?

मुबीननं तिला विचारून हाताचा फोटो घेतला,
शेजारी फूटपट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात.
मी म्हटलं, बघ ना पुस्तक, उलट पानं.
“नको गे बाय, डाग लागतलो.”
हात पदराखाली.

चारला गोल केला. सूचीसाठी, त्या नसेसाठी.
मग खोडून तीन केला.
मग फॉर्म उलटा केला, मागची बाजू कोरी होती,
आणि मलम आधी लिहून दिलं.