मनेगे बंदे

सेकंड शोला आम्ही पाच जण, थिएटरात सगळे मिळून सतरा.
पहिल्या भागाच्या शेवटी यान फुटलं होतं
आणि आत दोघंच होती: मेकॅनिक ओरान,
आणि यानाचा आवाज. तो तिला इडा म्हणायचा.

दुसऱ्या भागाच्या शेवटी काय, तर एक हेल्मेट.
काचेवर सूर्य, चेहरा दिसत नाही,
आवाज घोगरा, खरखरत आलेला.
दार. पायरीवर एक बूट.
आणि कन्नड डबिंगमध्ये दोनच शब्द,
मनेगे बंदे.
मग अंधार, नावं, झाडूवाला.

दुसऱ्या रेल्वे गेटजवळ पिराजीच्या गाडीवर
कपात चहा पडायच्या आधी सायनेकर म्हणाला,
"ओरान जिवंत हाय."
बिर्जे कोल्हापुरात आधीच हिंदी बघून आलेला.
"मैं घर आ गई. गई म्हणाली किनी स्पष्ट.
इडा हाय ती. विषय संपला."

"संपला कसा?" इरण्णा. तोवर गप्प होता.
"बाप्या आला तरी बंदे, बाई आली तरी बंदे.
माझी अव्वा बाजारातनं येऊन हेच म्हणते,
अप्पा पिऊन येतो तो पण हेच."
मूळ इंग्रजीत? तिथंही काही कळत नाही.
म्हणजे बिर्जेची ती गई
मुंबईत कुणा डबिंगवाल्यानं ठरवली,
बहुतेक जेवणाच्या सुट्टीआधी.

मी मनात मराठी करून बघितलं.
घरी आलो. ओरान झाला.
घरी आले. इडा झाली.
मराठीत तोंड उघडलं की निकाल लागतो.
तिसरं रूप आहे, आलं,
पण मी आलं असं कोण म्हणतं?
तेवढ्यात पिराजीनं विचारलं, "आलं घालू?"
मी एकटाच हसलो,
का हसलो ते सांगता आलं नाही.

"दिग्दर्शकच म्हणालाय की, इडा म्हणून," बिर्जे.
"गेल्या साली ओरान म्हणाला होता," सायनेकर.
नाझिया मुल्ला क्वालिटीत आहे. उद्यमबागेत
आमचा एकेक जॉब तिच्या मायक्रोमीटरखालून जातो.
"जॉब मापात हाय का ते बघते मी," ती म्हणाली,
"ड्रॉइंग काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते नाही."
"आणि ड्रॉइंगवर माप दिलेलंच नसलं तर?"
"पार्टीला फोन."
"पार्टी म्हणाली, तुम्हीच बघा?"
तिनं चहावर फुंकर मारली.
"मग जे बसतंय ते ओके."
सायनेकरला हे अजिबात पटलं नाही.
न बसणारा पिस्टन त्यानं एकदा बसवला होता,
त्याचं पुढं काय झालं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

फाटक पडलं. लोंढ्याकडची मालगाडी.
इंजिन गेलं, वाघिणी सुरू झाल्या,
आणि नेमकं तेव्हाच इरण्णा काहीतरी बोलला.
लांब वाक्य. हात पण केला,
आधी आभाळाकडं, मग स्वतःकडं.
अठ्ठावन्न वाघिणी. मी मोजल्या,
दुसरं काय करणार?
गाडी गेल्यावर त्यानं कप ठेवला, पैसे दिले,
स्कूटरला किक मारून वडगावकडं निघून गेला.

शनिवारी मशीनवर गाठला त्याला.
काय म्हणालास रे त्या रात्री, गाडीच्या आवाजात?
"मी?" इरण्णा चक आवळत होता.
"बोललो होतो? मग तूच सांग की, काय म्हणालो?"

बिर्जे म्हणतो, घरी जातो म्हणाला असणार.
सायनेकर म्हणतो, एवढ्यासाठी आभाळाकडं हात कोण करतं?
नाझिया म्हणते, शेवटी त्याचे ओठ मिटले होते,
म्हणजे शेवटचं अक्षर म. नाहीतर ब. नाहीतर प.

जेवणाच्या सुट्टीत ती अजून
ओठ मिटून, उघडून बघते.