चांद्याला बोलतं करताना

डोमा वाढईने सागाच्या ओंडक्यातून काढला चांद्या,
गुडघ्याएवढा, चार चाकांवर, मान जराशी डावीकडे.
"लाकडातच तसा होता," म्हणाला, "म्या फक्त सोलला."
जबडा मात्र मी सुटा मागितला.
बिजागरी, इवलीशी मोटर,
छातीच्या पोकळीत तळहाताएवढं सर्किट, स्पीकर,
बाकी सगळं हवेतून:
मोबाइलमधून आवाज सुटणार, बैलाच्या पोटात उतरणार.

आवाज माझाच. हे गावात सांगायची सोय नव्हती.
माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात
गिऱ्हाईक माझं वाक्य माझ्याआधी पुरं करते.
आर्मे... आर्मे...
"आर्मेचर जळालं, समजलं ना भाऊ."
महिनाभर रात्री शटर ओढून, पंखा बंद करून
अडखळलेलं कापत गेलो, उरलेलं जोडत गेलो,
तेव्हा हाती आला एक सलग माणूस,
तीस सेकंदांचा.

पहिल्यांदा बटन दाबलं. चांद्या म्हणाला:
बो — जा —
— रा द्
— जी

दोनाडकरांची मिताली, आठवीतली, खळखळून हसली,
मग माझ्याकडे पाहून थांबली.
"काका, यानं तुमचं उचललं."

स्पीकर बदलला. तसंच.
मोबाइल शिंगाला टेकवला. तसंच.
धानाच्या बांधीवर नेऊन पाहिला,
जिथे दुसरं कोणतं वायफाय नाही, नुसते बेडूक.
तसंच.
तान्ह्या पोळ्याला चार दिवस.
मग मितालीने जबड्याची वायर उपटली,
आणि तोंड मिटून चांद्या
घडाघडा बोलला.

तोंड हलवण्यातच सगळी ताकद जात होती.
मोटरने हिसका मारला की व्होल्टेज बसायचं,
सर्किट क्षणभर मरायचं,
शब्द त्या खड्ड्यात.
हे मला पंचवीस वर्षांआधी कुणी सांगायला पाहिजे होतं.
असो. बैलाचं चाललं आहे.

जबड्याला वेगळी बॅटरी. मोठा कपॅसिटर.
अँटेना झुलीच्या जरीखालून काढून शिंगात नेली,
डोमाने छिद्र पाडलं, कुरकुरत:
"बैलाले कोनी टोचते का बे शिंगातून?"
तरी काही उरलंच,
तांदळातल्या खड्यासारखं, दाताखाली येणारं.

हवेतून तुकडे रांगेत येत नाहीत.
एखादा वाटेत रेंगाळतो, मागून चार घोळक्याने येतात.
आला की बोल, आला की बोल, इथेच चुकत होतं.
आधी साठू दे थोडे. अर्ध्या सेकंदाचे. मग उघड तोंड.
मी आकडा बदलला. आवाज धारेसारखा पडला,
पण जबडा आधीच हलून मोकळा,
पंगतीत वाढायच्या आधी चावणाऱ्यासारखा.
मग जबड्यालाही थांबवला, तितकाच.

पोळ्याच्या दिवशी पारासमोर तोरणाखाली
पोट्ट्यांचे शेदीडशे बैल, रंगीत, मुके.
मितालीने बटन दाबलं.
काहीच नाही.
"बंद पडलं वाटते," कुणीतरी म्हणालं,
आणि त्याच्या वाटतेवरच
चांद्याने तोंड उघडलं:
बोजारा द्या जी, दूरून चालत आलो,
खुरं नाहीत, चाकं आहेत, तरी दमलो!

हशा. टाळ्या. गिरमाजी नन्नावरे काठी टेकत पुढे आले.
"आवाज कोनाचा होय हा?"
मी तोंड उघडलं.
म —
सवयीने चारजण सरसावले पुरं करायला.
मितालीने हात आडवा केला, फाटकासारखा.
मी साठू दिलं.
"माझा," म्हणालो. दोन तुकड्यांत आला.
पण माझ्याच तोंडून आला.

"हो का," म्हणाले गिरमाजी, आणि दहाची नोट
सरळ चांद्याच्या तोंडात कोंबली.
जबडा अडकला, मोटर कण्हली,
जळक्या वार्निशचा ओळखीचा वास आला.
"काका, स्क्रू ड्रायव्हर!"
"आ — आणतो,"
ओरडलो मी, धावता धावता.