क्रीटला कधी जावं

नळ स्टॉपजवळ, चष्म्याच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
लोक मला ऋतू विचारायला येतात.
मी स्वतः दिवेआगरच्या पलीकडे गेलेली नाही,
पण बोटींची वेळापत्रकं पाठ आहेत,
वाऱ्यांची नावंसुद्धा.

निमकर काका सलग पाचव्या वर्षी आले.
कापडी पिशवीत तीच निळी वही,
पट्टीनं आखलेले बारा रकाने.
खडकीच्या कारखान्यात मापं तपासण्यात हयात गेली,
सुताचा फरक चालायचा नाही.
"क्रीट," म्हणाले, "बेट ठरलंय. महिना नेमका सांगा."

मी म्हटलं, एप्रिल. डोंगरभर रानफुलं.
एप्रिलात नातीची परीक्षा.
मग मे. पाणी गार, पण ऊन मऊ.
"मे?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
"आणि आंब्याच्या पेट्या कोण उघडणार? वॉचमन?"
जूनमध्ये सोसायटीची सभा, हेच सेक्रेटरी.
जुलै-ऑगस्ट महाग, शिवाय उत्तरेचा वारा
दुपारभर छत्र्या उलटवणारा.
सप्टेंबरात गणपती, मागोमाग पितृपक्ष.
ऑक्टोबर मला स्वतःला आवडतो:
उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट,
गर्दी परतलेली,
खानावळवाल्यांना बोलायला सवड.
हे सगळं वाचलेलं. तरी सांगताना
माझ्या आवाजात थोडं मीठ येतं.
काकांनी रकान्यात लिहिलं: योग्य. पण दिवाळी?
आणि प्रश्नचिन्हाभोवती गोल केला.

प्रमिला काकू शेजारच्या खुर्चीत.
पाचही वर्षं त्याच खुर्चीत,
भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत:
पांढरी भिंत, निळं दार, दाराशी मांजर.
एकदाच बोलल्या होत्या, तिसऱ्या वर्षी,
"मांजर कोणत्या महिन्यात असतं?"

या जानेवारीत त्या एकट्या आल्या.
शिवणाच्या क्लासचे साठवलेले पैसे,
चेकवर सही करताना
सुईत दोरा ओवावा तसा एक डोळा बारीक.
"फेब्रुवारीचं काढ. एकच."
अहो काकू, तिथे तेव्हा पाऊस,
निम्मी हॉटेलं बंद, बोटी वाऱ्याच्या मर्जीवर,
डोंगरावर बर्फ, पोहता यायचं नाही.
"मला पोहता येतच नाही," म्हणाल्या.
"त्यांच्या वहीत तेवढाच रकाना कोरा आहे.
बाकीचे खोडून खोडून फाटलेत."

वेताळ टेकडीवर काटेसावर पेटली,
ऑफिसातला पंखा दोनवर गेला,
तेव्हा काकूंचा फोटो आला, जरासा हललेला:
ओला रस्ता, बंद खानावळ, टेबलांवर उलट्या खुर्च्या,
आणि मागे, दगडी बांधाला लागून
बदामाची झाडं, पानांच्या आधी फुललेली.
खाली दोन ओळी.
हे तू सांगितलं नव्हतंस.
मांजर आहे, भिजलंय.

नव्हतं सांगितलं. मला ठाऊकच नव्हतं.

काका आता रोज साडेअकराला येतात.
पिशवी नाही, वही नाही.
काकूंच्या खुर्चीत बसतात.
"आत्ता तिथे आठ," स्वतःशीच म्हणतात, "उठली असेल."
मग मला, "किती आहे?"
अकरा. ढगाळ.
"वारा?"
वायव्येचा, जरा जोराचा.
"स्वेटर कपाटातच राहिलाय तिचा. तपकिरी."
खिडकीतून मेट्रोच्या खांबांकडे बघत राहतात.

काल विचारलं, व्हिसाला किती दिवस.
तीन आठवडे तरी, मी म्हटलं.
"तोवर ती परत येईल."
खालच्या दुकानात कुणीतरी
मोठ्यानं अक्षरं वाचत होतं, मोठी, मग लहान, मग अंदाजानं.
काका उठले, दारापर्यंत गेले, थांबले.
"मग पुढच्या फेब्रुवारीची दोन बघून ठेवा.
नाही, थांबा.
तिला विचारून सांगतो."