लाल पट्टी

सोमवारी पहाटे चारला कागद बंद झाला.
ग्रिम्सबीच्या आमच्या सात नंबर वॉर्डातले
खाटांच्या पायथ्याचे क्लिपबोर्ड
कुणीतरी बटाट्याच्या क्रेटमध्ये भरून नेले
आणि जांभळ्या टी-शर्टातला कॅलम
एकेकीच्या खांद्यामागे उभा राहून म्हणू लागला,
सोपंय, अगदी सोपंय.

सोपं होतंच, माझ्यासारखीला.
पहिला पासवर्ड तासाभरात विसरले,
दुसरा ठेवला मिरजेतल्या आमच्या गल्लीच्या नावाचा,
इथे कोण ओळखणार.

सिस्टर नोरीनचं अवघड.
एकोणचाळीस वर्षं तिचं अक्षर
डॉक्टरांना दटावत आलेलं,
नोंद शाईत, आणि खरं ते समासात, पेन्सिलीने.
आता एका बोटाने कीबोर्डवर
तांदळातले खडे वेचावेत तशी
अक्षरं वेचत बसायची.

अकरा नंबरला मिस्टर ब्लँचर्ड.
हयात मासेमारीच्या बोटींवर, आइसलँडच्या बाजूला,
डाव्या हाताला तीनच बोटं.
त्यांच्या जुन्या फायलीत समासातली पेन्सिल म्हणायची:
रात्री पडदा पूर्ण ओढू नये.
दार दिसू दे. कारण विचारू नये.

नव्या नोंदीत सगळं आहे.
वेदना, शून्य ते दहा.
शौच, प्रकार एक ते सात.
धर्म, धूम्रपान, चष्मा, कवळी.
पडद्याबद्दल पडद्यावर
जागा नाही.

मंगळवारी रात्री एजन्सीच्या टॅम्झिनने पडदा ओढला.
दिव्याचा त्रास नको म्हणून, चांगल्या मनानेच.
म्हातारा सलाईन उपटून उठला,
पडद्याच्या कड्या तटातट तुटल्या,
कुणाला तरी हाका मारत होता, लेस, लेस.
फरशी पुसून झाल्यावर पोरगी रडली,
मी सगळं वाचलं होतं हो, सगळं.

वाचलंच होतं तिने.

नोरीन त्या पहाटे बसली.
कॅलम घरी गेलेला.
एक बोट, वीस मिनिटं,
चहावर साय धरली.
सकाळी मी अकरा नंबर उघडला तर वर ती लाल पट्टी,
जी वाचल्याचं कबूल केल्याशिवाय
पुढे जाताच येत नाही:

अ‍ॅलर्जी: पेनिसिलिन.
अ‍ॅलर्जी: ओढलेला पडदा.
प्रतिक्रिया: तीव्र.

गुरुवारी फार्मसीचा निरोप आला,
हा पदार्थ यादीत सापडत नाही, कृपया दुरुस्त करावे.
नोरीनने उत्तर टाईप केलं,
सापडायचा नाही. राहू द्या.

राहिलाय अजून.

आणि चार नंबरच्या मिसेस ऑकलंडना,
असं दिसतं,
'डार्लिंग' म्हटलेलं सोसत नाही.
प्रतिक्रिया: सौम्य, पण दिवसभर टिकते.

टाईप केलेलं अक्षर सगळ्यांचं सारखंच,
समासासारखं ओळखू येत नाही.
पण खाली वेळ असते, नाव असतं.
नाव माझं आहे.