बिस्किटांच्या डब्यातली अक्षरं

उद्या रात्री पहिली फेरी.
आमचा नंबर सातवा.
तळ्याकाठच्या या शहरात न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत
सगळे एकमेकांना विचारतायत,
घ्यायचा का यंदा क्वार्टरबॅक?

मला कुणी विचारलेलं नाही.
मी जर्सीवर नावं शिवते.

स्टेडियमच्या पोटात, लाँड्रीला लागून माझी खोली.
ड्रायरची घरघर, डिंकाचा वास,
आणि एकोणीस वर्षांत
या सुईखालून गेलेले चौदा क्वार्टरबॅक.
नाव शिवायला वीस मिनिटं लागतात,
उसवायला पाच.
उसवलेली अक्षरं मी फेकत नाही,
लोणी-बिस्किटांच्या निळ्या डब्यात टाकते.

लिंडक्विस्ट आठवतो.
पहिल्या फेरीतला, दुसऱ्याच नंबरचा.
इतकं लांब नाव, की या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत
कमान करून बसवावं लागलं.
बावीस वर्षांचं पोर. महापौरांनी शहराची किल्ली दिली,
बेकरीने त्याच्या नावाचा डोनट काढला.
गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलं शहर,
त्याचा गुडघा कुणी राखायचा
हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.
समोर उभे पाच जण, पाचही उसने, पाचही थकलेले.
तिसऱ्या नोव्हेंबरात डावीकडून कुणीतरी आत शिरलं.
तो आवाज मी बोगद्याच्या तोंडाशी ऐकला,
हातात त्याची सुकी जर्सी.
मग वरच्या कुठल्याशा रांगेतून
टाळ्या.
आमच्याच लोकांच्या.

जाताना तो कुबड्या टेकत खाली आला.
"माझं नाव देता?"
दिलं, पाकिटात घालून.
एक आय मशीनमागे पडला होता,
तो मला मार्चमध्ये झाडताना सापडला.

माझा दीर काझिमिर बर्फ उपसणारी गाडी चालवतो.
मी म्हणते, आधी भिंत घ्या.
नेब्रास्काचा तो दांडगा पोरगा घ्या, दारात मावत नाही म्हणतात.
छप्पर गळतंय आणि तुम्ही झुंबर बघताय.
काझिमिर ग्लास खाली ठेवतो.
"भिंतींचं करू काय, थिओडोरा?
अंधारात बसून मोजू?
नऊ वर्षं तेच करतोय."
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
बिल मात्र मी भरलं.

आणि गेल्या मंगळवारी तो पोरगा आला होता, टर्नबो.
मुलाखतीला आणलेला, वरच्या मजल्यावर जायचं सोडून
चुकून माझ्या दारात.
हात केवढा! माझी कात्री त्यात
नेलकटरसारखी दिसली.
"ही कुणाची अक्षरं?"
"तुझ्या आधीच्यांची."
वाटलं, चेहरा पडेल. तो खुर्ची ओढून बसला,
डबा टेबलावर पालथा केला
आणि स्वतःचं नाव जुळवायला लागला.
लिंडक्विस्टचा टी. कुणाकुणाचे यू, आर, एन.
बी मिळाला, ओ तर ढिगाने.
डब्ल्यू नव्हता.
एवढ्या वर्षांत डब्ल्यूवाला कुणी आलाच नाही.

त्याने क्षणभर पाहिलं, एक एम उचलला
आणि उलटा ठेवला.
"चालेल?"
बाहेर कुणीतरी त्याच्या नावाने हाका मारत धावत होतं.

चालणार नाही.
उलट्या एमचे पाय जरा जास्तच सरळ असतात,
शिवणाऱ्याला ते कळतं.
पण तेवढ्या क्षणात, चारी बाजूंनी माणसं अंगावर येत असताना
असं काही सुचणं
शिकवून येत नाही, हेही मला कळतं.

म्हणून मला वाटतं, त्याला दुसऱ्या कुणी घ्यावं.
सहाव्यानेच घ्यावं.
जिथे पाच जण आधीच पाय रोवून उभे आहेत,
जिथे नोव्हेंबरात तळ्यावरून वारा येत नाही.
आम्हाला नेब्रास्का मिळू दे.
हेच खरं शहाणपण, आणि मी ते
कुणीही विचारलं तर सांगेन.

आज जेवणाच्या सुट्टीत
नव्या पांढऱ्या कापडातून
मी एक डब्ल्यू कापला.
कडा दुमडल्या, इस्त्री फिरवली.
डब्यात नाही टाकला अजून.