तेरस

पोचलो तेव्हा समुद्र वाटेवर बसला होता.
दोन कड्यांच्या फटीतून उतरणाऱ्या पायऱ्या,
शेवटच्या सात-आठ पाण्याखाली.
पत्र्याची पाटी: भरतीच्या वेळी प्रदक्षिणेस जाऊ नये.
त्यातलं 'नये' गंजून गेलेलं.

नारळवाल्या बाईंनी पंचांग न बघता सांगितलं,
"आज तेरस. तेराचं पाऊणपट करा.
पावणेदहाला भरली. चारला या, वाट सुकी मिळंल."
बाबांना हिशोब पटला.
माणगाव डेपोत तीस वर्षं
गाड्यांच्या वेळा लावलेला माणूस.
म्हणाले, "बघ, हा लेट होत नाही."

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर,
मग निघताना पुन्हा काळभैरव, ही इथली रीत.
आत सोडतो त्यालाच सांगून जायचं.
गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश, पार्वती,
एका खोलीत चौघांचं बिऱ्हाड.
गुरुजींनी गोत्र विचारलं,
बाबांनी चुकून आईचं माहेरचं सांगितलं.
मी काही बोलले नाही.

चार वाजायला अख्खी दुपार होती.
पोवळ्यांच्या खानावळीत मोदक, तूप, सोलकढी,
मग बागमांडल्याला धक्क्यावर फेरीबोट बघत बसलो.
एक टेम्पो गाद्यांचा, चार मोटारसायकली,
आणि वरात चुकलेला एक बँडवाला,
ट्रंपेट पोटाशी धरून.
खाडी ओलांडायला तिला दहा मिनिटं लागत होती,
बाबांनी तीनदा मोजली.

आणि मग तीच गोष्ट, लहानपणापासून ऐकलेली:
त्र्याऐंशी साली तुझी आई आणि मी,
अर्ध्यावर होतो, आणि पाणी वळलं.
घोड्याच्या पाठीसारखा एक खडक,
त्यावर डाव्या अंगाला भेग.
तिथून मागे फिरलो. अर्धी राहिली.
"तेवढी तू पुरी कर. माझे गुडघे गेले.
शंकराला तशी अर्धी चालते म्हणा,
पण इथे विष्णूही आहे."

चारला गेले.
खडक सगळे पोखरलेले, मधाच्या पोळ्यासारखे,
प्रत्येक भोकात थोडा समुद्र उरलेला.
मुंडन केलेला एक मुलगा
वडिलांचे पिंड ठेवून आलेला,
आता खेकड्याला काडीने हुसकत होता,
आणि त्याचा काका त्याला रागावत नव्हता.
मी घोड्याची पाठ शोधत होते.
चाळीस तरी सापडल्या.
भेगा तर सगळ्यांनाच होत्या,
डाव्या, उजव्या, आडव्या.
शेवटी एकीवर हात ठेवला,
ऊन होता दगड.
पुढे वाळू लागली, आणि वर मंदिराचं मागचं दार.

बाबा कठड्यावर,
मांडीवर माझी चप्पल, जोडीने.
"दिसला?"
"दिसला," मी म्हटलं. "तुम्ही म्हणता तसाच."

ते बराच वेळ चपलेचा पट्टा बंद-उघड करत राहिले.
"मी उतरलोच नव्हतो," म्हणाले.
"मला पाण्याची भीती.
इथेच बसलो होतो, तिच्या चपला सांभाळत.
ती एकटी गेली, एकटी आली,
निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या.
काय बघितलंस, विचारलं,
तर नुसती हसली आणि केस पिळले.
मग खडक मीच घातला त्यात.
काहीतरी पाहिजे ना सांगायला."

खाली पायरी नंबर आठ उघडी पडली होती,
शेवाळ, आणि कुणाची तरी एक काचेची बांगडी.

"म्हणजे तिची पुरी झाली होती?"
"कोण जाणे. विचारायचं राहिलं."

निघताना काळभैरवाला सांगायला गेलो.
बाबांनी घंटा वाजवली, जरा जास्तच जोरात.
मी हात जोडले,
आणि काय सांगायचं ते आठवेना.
बाहेर नारळवाली बाई टोपली आवरत होती.
"झाली का पुरी?" तिने विचारलं.
आम्ही दोघंही एकदमच हो म्हणालो.